दोन्ही पाय वर

४ फेब्रुवारी

वही घ्यायला बाहेर पडले. वाटेत चांभाराशी अर्धा तास गप्पा झाल्या. तो एकेकाळी सर्कशीत बूट शिवायचा आणि हत्तीला बूट लागत नाहीत हे त्याच्या आयुष्यातलं सगळ्यात मोठं दुःख आहे. एवढा माल गेला हातचा, म्हणतो. तोवर वहीचं दुकान बंद झालं. म्हणून बाबांच्या क्लासचं जुनं रजिस्टर उचललंय. पुढची सतरा पानं भरलेली, बाकी कोरं. प्रत्येक पानावर छापील चौकटी : धडा, तारीख, सही, शेरा. मी त्यांच्यावरून आडवं लिहिणार.

बाबा तीस वर्षं लोकांना गाडी शिकवतायत. एकूण एकवीस धडे. धडा पक्का झाला की बरोबरची खूण. नाही झाला तर तोच धडा उद्या परत, मग शिकणारा न्यायाधीश का असेना. सतरावं पान माझं आहे. सहा वर्षांपूर्वीचं. नऊ खुणा, पुढे मोकळं. शेरा : ‘लक्ष बाहेर.’ नववा धडा झाला त्याच आठवड्यात मी घर सोडलं होतं. गाडी शिकवणाऱ्याच्या मुलीला गाडी येत नाही, हे ताई अजूनही पाहुण्यांना चहाबरोबर देते.

परत येऊन अकरा दिवस झाले. मी कामाला असते ते डोंगरातलं लॉज हिवाळ्यापुरतं बंद आहे, मे महिन्यात उघडेल. तोवर इथे. हे मी कोणाला सांगितलेलं नाही. आईने तीन वेळा विचारलं, तिन्ही वेळा मी म्हटलं, बघू.

७ फेब्रुवारी

क्लासच्या गाडीचं वय झालं. सरकारी कागद आलाय, महिनाअखेरीनंतर ती शिकवणीला चालणार नाही. बाबांनी ठरवलंय की आता विजेवरची घ्यायची, परवडणाऱ्यातली.

“पण त्यात क्लच नाही, गिअर नाही,” मी म्हटलं. “मग तुम्ही शिकवणार काय?”

“थांबायला,” बाबा म्हणाले. “चालवायला कोणीही शिकवतं गं भिंगरे.”

भिंगरी मी. मला या घरात नावाने हाक मारल्याचं आठवत नाही.

दोन गाड्यांवर येऊन अडलंय. एक हिरवी, गोल, पुढे दोन मोठे डोळे. तिला मी बेडूक म्हणते. दुसरी उंच, चौकोनी, पांढरी. ती डबा. नावं ठेवल्याबरोबर आई हसली, बाबाही हसले, ताई नाही हसली. ताई गणित शिकवते. तिने पट्टीने रेघा मारून तक्ता केला आणि कपाटाच्या दारावर चिकटवला. डावीकडे बेडूक, उजवीकडे डबा. एका चार्जमध्ये किती जाते : ३१० आणि १९०. चार्ज व्हायला किती तास. बॅटरीची हमी किती वर्षं. सामानाची जागा. ताईच्या हिशेबात डबा पुढे आहे, कारण क्लासची गाडी दिवसाला पंचेचाळीस किलोमीटरच्या वर जातच नाही.

“तीनशे दहा काय करायचेत?” ताई म्हणाली. “चौकाला फेऱ्या मारायच्यात की चंद्रावर जायचंय?”

“डोंगरापर्यंत दोनशे ऐंशी आहे,” मी म्हटलं.

“तुला कोणी विचारलं?”

बाबांनी मात्र तक्त्यात एकच ओळ घालायला लावली, सगळ्यात खाली. ‘पाय उचलल्यावर थांबते का.’ डब्यापुढे ‘हो’ लिहिलंय, ते त्यांनी स्वतः चालवून पाहिलं. बेडकापुढची चौकट रिकामी.

हे का, तर बाबांचा एक नियम आहे. पहिल्या दिवशी, किल्ली द्यायच्या आधी, ते प्रत्येकाला सांगतात : “भीती वाटली की दोन्ही पाय वर. खाली मी आहे.” म्हणजे त्यांच्या बाजूला जो दुसरा ब्रेक असतो तो. नवा माणूस घाबरला की हमखास चुकीचं पेडल दाबतो, म्हणून त्याने काहीच दाबू नये. जुनी गाडी पाय उचलले की दोन गचके देऊन बंद पडायची. उरलेलं काम बाबांचा पाय करायचा. तीस वर्षांत साधा ओरखडा नाही.

९ फेब्रुवारी

सकाळी एक दृश्य पाहिलं. बाबा पलंगावर पाय लांब करून बसलेले आणि आई हात-आरसा घेऊन त्यांचे तळवे बघतेय. एकेक बोट वेगळं करून. मला पाहिल्यावर तिने आरसा उलटा ठेवला. तीस वर्षं संसार झाल्यावर प्रेम असं दिसत असेल. माझे तळवे कोणी बघितले तर मी गुदगुल्यांनी मरेन.

बेडकाच्या शोरूमला मला एकटीला पाठवलं. ताईला शाळा, बाबांना धडे. “एकच प्रश्न विचारून ये,” बाबा म्हणाले. “पाय उचलल्यावर थांबते का. बाकी छापील कागदात असतं.”

शोरूमला सगळी काच. आत एक चिमणी अडकलेली. तिला बाहेर काढण्यात मी आणि तिथला गाड्या विकणारा टायवाला असे दोघं गुंतलो. मी छत्रीने, तो माहितीपत्रकाने. चिमणी गेली तोवर आमची दोस्ती झालेली. तो डोंगराच्या पलीकडच्या गावचा निघाला! मागून एक कच्ची वाट तळ्यापर्यंत जाते, तिथे उन्हाळ्यातही पाणी बर्फासारखं असतं, म्हणाला. कागदावर नकाशा काढून दिला. मग फेरी मारली. चालवत तो, शेजारी मी. आवाजच नाही! झाडं आपोआप मागे जातायत असं वाटतं.

“लोण्यासारखी आहे,” टायवाला म्हणाला. “पाय काढला तरी पळत राहते. उगीच का तीनशे दहा मिळतात?”

खिडकीची काच खाली केली. असं वाटलं की हिच्यात बसून निघालं तर कोणाला न उठवता गावाबाहेर पडता येईल.

नकाशा या पानाला टाचून ठेवते.

१० फेब्रुवारी

ताई सकाळीच येऊन उभी. “विचारलंस?”

विचारायचं राहिलं होतं. चिमणी, तळं. पण तिची ती उभी राहायची पद्धत, हातात खडू असल्यासारखी.

“विचारलं.”

“काय म्हणाला?”

“हो म्हणाला.”

“नक्की? तुला मीठ आणायला पाठवलं तर तू तीन वर्षांनी मिठागर बघून येतेस.”

“आणि तू मिठाच्या खड्यांची बेरीज करून डब्यावर लिहितेस.”

बाबा हसले. मी पेन घेतलं आणि रिकाम्या चौकटीत लिहिलं, ‘हो.’ सगळा तक्ता ताईच्या मोत्यांसारख्या अक्षरात, त्यात माझा ‘हो’ जरा तिरका बसलाय. आजकालच्या सगळ्या गाड्या थांबत असणारच.

बाबा तक्त्यासमोर बराच वेळ उभे होते. मग म्हणाले, “त्या शोरूमचं कार्ड आहे का तुझ्याकडे?”

“कशाला?”

“रंगाचं विचारायचंय.”

कार्ड घेऊन मागच्या अंगणात गेले. येताना त्यांची एक चप्पल दारातच निसटून राहिली आणि ते एका पायात चप्पल, एक पाय अनवाणी असे स्वयंपाकघरापर्यंत गेले. आईने गुपचूप उचलून आणली. म्हातारपणी माणसं विसरभोळी होतात.

११ फेब्रुवारी

जेवताना मतदान झालं. ताई डबा. आईसुद्धा डबा. आईला गाड्यांतलं काही कळत नाही, तरी आवाज चढवून म्हणाली, “डबाच घ्या. माझं ऐका.” बसायला उंच आहे म्हणून असेल, तिचे गुडघे दुखतात. मी बेडूक.

“डब्यात मी बसणारसुद्धा नाही,” मी म्हटलं. “शवपेटी उभी केल्यासारखी दिसते.”

बाबांनी ताटातला घास फिरवत विचारलं, “आणि बेडूक घेतला तर? राहशील?”

सगळे माझ्याकडे बघायला लागले. मला असले प्रश्न आवडत नाहीत, दार लावून घेतल्यासारखं वाटतं. पण जिंकत होते.

“तर राहीन,” मी म्हटलं. “उरलेले बारा धडेही पुरे करीन.”

“बेडूक,” बाबा म्हणाले आणि पाणी प्यायले. आई ताट घेऊन उठून गेली. तिचं जेवण अर्धं होतं.

२ मार्च

बेडूक आला. गल्लीतली पोरं काचेला नाकं लावून गेली. बाबांचा दुसरा ब्रेक बसवायला मिस्त्रीकाका आले. त्यांनी बाबांच्या आजवरच्या तिन्ही गाड्यांना तो बसवलाय. खाली वाकून बघितलं आणि चुकचुकले.

“डब्याला खाली जाड पट्टी होती, बोल्ट बसला असता. याच्या पोटात सगळी बॅटरी. भोक पाडता येणार नाही. वरून लटकवून देतो, तारेने जोडून. पण कडक राहील सर. जोर लावायला लागेल आणि नेमका लावायला लागेल.”

“लावू की. पाय अजून शाबूत आहे,” बाबा म्हणाले.

आई चहा घेऊन आली होती. तिने कप इतक्या जोरात ठेवला की बशी तडकली.

३ मार्च

आज बाबांनी स्वतः चालवली, मी मागे. चप्पल नाही, नवे बूट, नाड्या करकचून बांधलेले. पाण्याच्या टाकीच्या उतारावर त्यांनी पाय उचलला.

बेडूक पळतच राहिला.

ब्रेक दाबून थांबले. वर गेले, परत उतरले, परत पाय उचलला. तसंच. मी खिडकीतून टाकीकडे बघत होते. टाकीवर तीन कबुतरं होती.

“शोरूमवाले काहीही सांगतात,” बाबा म्हणाले.

मी म्हटलं, “हो ना.”

ते आरशातून माझ्याकडे बघत होते. “सवय होईल. आता शिकवताना वेगळं सांगायचं. भीती वाटली की ब्रेक. एवढंच.”

मला हायसं वाटलं. गाडी ती गाडीच, सवय होते.

११ मार्च

बेडकावरची पहिली शिकाऊ म्हणजे नर्सबाई. पन्नाशीच्या, गोल चेहऱ्याच्या, सतत घाईत. खेड्यांवरच्या बाळंतिणींकडे जायला त्यांना बसची वाट बघत बसावं लागतं, म्हणून शिकतायत. धडा संपल्यावर अंगणात बसल्या होत्या. बाबा गरम पाण्याने पाय धूत होते.

“सर, पाण्याला वाफ येतेय. भाजत नाही?”

“कोमट आहे.”

बाईंनी बोट घातलं आणि चटकन काढलं. “साखर कधी तपासलीत?”

“साखर मी चहात तपासतो,” बाबा म्हणाले.

बाई हसल्या नाहीत. या लोकांना प्रत्येक जण आजारीच दिसतो.

माझा दहावा धडा अजून झालेला नाही. बाबा विचारतात, मी उद्या म्हणते. लॉजवाल्याचं पत्र आलंय, पंधरा मेपर्यंत ये म्हणतो.

२९ मार्च

सकाळी मी बसच्या ऑफिसात होते. डोंगराच्या गाड्यांचं वेळापत्रक विचारायला. तिथल्या माणसाला एक डोळा नव्हता, तो कसा गेला ते सांगत होता, मी ऐकत होते. तेवढ्यात कोणीतरी येऊन म्हणालं की सरांची हिरवी गाडी टाकीखालच्या भिंतीवर गेली.

पळत गेले. बेडकाचं तोंड भिंतीत. एक डोळा फुटलेला. नर्सबाई फुटपाथवर बसलेल्या, त्यांना काही लागलं नव्हतं. बाबा गाडीभोवती फिरत होते. “काही झालं नाही, काही झालं नाही, बाई घाबरू नका,” असं म्हणत. त्यांच्या उजव्या बुटातून रक्त येत होतं. गाडीभोवती पूर्ण गोल उमटला होता. त्यांनी खाली पाहिलंच नव्हतं.

“बाबा, पाय,” मी म्हटलं.

“काय पाय?” ते म्हणाले.

३१ मार्च

दोन बोटं काढली.

डॉक्टरांनी काल दुसऱ्या पायाचीही तपासणी केली. बाबांना डोळे मिटायला सांगितले आणि एक बारीक ताठ दोरा घेऊन तळव्याला टोचायला लागले. “लागतंय?” “हो.” “इथे?” “हो.” “आता?” “हो.”

शेवटच्या वेळी दोरा हवेत होता. डॉक्टरांनी तो आम्हाला दाखवला. बाबांचे डोळे मिटलेले, चेहरा परीक्षेला बसलेल्या पोरासारखा.

आईला हे दोन वर्षांपासून माहीत आहे. आरसा त्यासाठी होता.

२ एप्रिल

नर्सबाई भेटायला आल्या. कसं झालं ते त्यांनी तीनदा सांगितलं. उतारावर समोरून सायकलवाला आला, त्या घाबरल्या. ब्रेक दाबणार तेवढ्यात बाबा ओरडले, “पाय वर!” नवा नियम त्यांनीच शिकवला होता, पण तोंडातून जुना निघाला. तीस वर्षांची जीभ. बाईंनी दोन्ही पाय वर घेतले. बेडूक पळत राहिला.

“सर पूर्ण जोर लावत होते हो,” बाई म्हणाल्या. “मानेच्या शिरा फुगलेल्या. पण पाय ब्रेकवर नव्हताच, शेजारी होता. जमिनीवर. आपण कशावर जोर लावतोय ते त्यांना कळत नव्हतं.”

मग रडल्या. मला कळायला हवं होतं, वाफ बघितली तेव्हाच, म्हणाल्या. आई म्हणाली, माझी चूक, मी लपवलं. मिस्त्रीकाका म्हणाले, मी नाही म्हणायला हवं होतं, वरून लटकवायचंच नव्हतं. खोलीतले सगळे दोष वाटून घेत होते, लग्नातल्या पेढ्यांसारखे. माझ्यापर्यंत कोणी ताट आणलं नाही.

४ एप्रिल

ताईने कपाटावरचा तक्ता ओरबाडून काढला आणि माझ्यापुढे धरला.

“हे ‘हो’. तो खोटं बोलला. त्याची तक्रार करायची. नाव काय त्याचं?”

“नाव नाही माहीत.”

“दिसायला?”

“टाय होता.”

“सगळ्यांना टाय असतो, मूर्ख! कोणता?”

आता सांगावं असं वाटलं. खरंच वाटलं. पण ती इतक्या रागात होती, आणि बाबा पलंगावरून बघत होते. मी म्हटलं, “निळा. चिमण्यांची नक्षी.” नक्षी खरोखर चिमण्यांची नव्हती, ती माझ्या डोक्यातली चिमणी.

“तक्रार नको,” बाबा म्हणाले.

“का नको?”

“मी म्हणतो म्हणून. एकदा सांगितलं ना.”

तरी ताई शोरूमला जाऊन आलीच. निळा टाय शोधला. चार माणसांत त्याला वाटेल ते बोलली. तो म्हणाला म्हणे, मी असं म्हटल्याचं आठवत नाही, पण म्हटलं असेल तर माफ करा. ताई म्हणाली, किती निर्लज्ज माणूस, मान वर करून बोलला नाही.

नकाशा अजून पानाला टाचलेला आहे.

१९ एप्रिल

बाबांचा शिकवायचा परवाना काढून घेतला. फाटकावरची पाटी उतरवायला ते मला म्हणाले. स्क्रू गंजलेले, चार तास लागले. भिंतीवर पाटीच्या आकाराचा पांढरा चौकोन राहिलाय. आई म्हणाली, रंग दे. बाबा म्हणाले, राहू दे.

बेडकाचं तोंड दुरुस्त होऊन आलं. ताई म्हणते विकून टाका. बाबा म्हणतात, “हिचे बारा धडे राहिलेत.”

६ मे

दहावा धडा. बाबांना शेजारी बसायला बंदी, म्हणून परवानावाली ताई शेजारी, ओठ घट्ट मिटून. बाबा मागे. तीस वर्षांत ते कधी मागच्या सीटवर बसले नव्हते. पट्टा कुठे अडकवतात ते त्यांना सापडेना.

“नियम?” मी विचारलं. सवयीने.

“पाय वर घ्यायचे नाहीत,” बाबा म्हणाले. “आता खाली कोणी नाही.”

चौकात एक कुत्रा आडवा आला. मी ब्रेक दाबला, जरा उशिरा. माझ्या ब्रेकच्या आधी मागून धप्प असा आवाज आला. बाबांचा पाय, सीटखालच्या पत्र्यावर. मी आरशात पाहिलं. ते शांतपणे बाहेर बघत होते. पाय आपटल्याचं त्यांना कळलं नव्हतं.

ताईने ऐकलं. ती खिडकीकडे तोंड करून बसली.

१६ मे

दहा, अकरा, बाराच्या खुणा बाबांनी सांगितल्या तशा मीच केल्या, पण तेराव्या धड्यावर अडकवलंय. उतारावर थांबून पुन्हा निघणे. आज सहाव्यांदा. मला नीट जमतं, ताईसुद्धा म्हणाली की जमतं. बाबा मागून म्हणतात, “अजून पक्कं नाही. उद्या परत.” काल लॉजवाल्याचा फोन आला, बाकीची पोरं पोचली म्हणाला. मी आठवडा मागून घेतला. या वेगाने एकवीस होईपर्यंत दिवाळं निघेल माझं. मुद्दाम करतात की काय कोण जाणे. एवढा चिकट मास्तर नर्सबाईंनाही नव्हता.

नर्सबाई परत बसने जातात. मी आज थांब्यावर पाहिलं त्यांना, छत्री आणि ती काळी पेटी. मी बेडकातून गेले. त्यांनी ओळखलं आणि रस्त्याच्या दुसऱ्या बाजूला बघायला लागल्या.

२४ मे

सरकारी परीक्षा दिली. परीक्षकाने तीन मिनिटं पाहिलं, तीही बहुतेक स्वतःच्या फोनमध्ये. पास. परवाना हातात.

घरी येऊन बाबांना दाखवला. त्यांनी चष्मा लावून दोन्ही बाजू वाचल्या. “पास होणं वेगळं,” म्हणाले. “रजिस्टरमध्ये तू तेरावर आहेस.”

“बाबा, त्या रजिस्टरला आता काय अर्थ आहे? क्लासच नाही.”

बोलून गेले. ते परवाना परत देताना म्हणाले, “कुठे ठेवलंस गं ते रजिस्टर?”

“उशीखाली.”

“बरं.”

त्या ‘हो’बद्दल सांगायला मी तोंड उघडलं होतं. पण त्यांनी विचारलं, लॉजवर आंघोळीला गरम पाणी असतं का. मी म्हटलं, असतं. म्हणाले, “आधी हात घालून बघत जा.”

२५ मे

सकाळी उठले तर रजिस्टर उशीखाली नव्हतं. बेडकाच्या टपावर होतं, त्यावर किल्ली. गाडी रात्रभर चार्जला लावलेली. आत दिवा हिरवा, आकडा ३१०. मागच्या सीटवर माझी पिशवी, आईच्या हातची घडी. आई-बाबा दोघं दिसले नाहीत. मी बाहेर आले तसं घराचं दार कोणीतरी आतून लावून घेतलं.

लिहायला पान उघडलं, ते सतरावंच उघडलं. माझं पान.

खुणा होत्या बारा. आता एकवीस. तेरापासून पुढच्या सगळ्या एकाच शाईच्या, घाईत ओढलेल्या. ज्या माणसाने एका न्यायाधीशाला अठराव्या धड्यावर महिनाभर ठेवलं, त्याने पक्के न झालेले नऊ धडे पक्के म्हणून लिहिलेत. बरोबरच्या खुणा तिरक्या आल्यात. माझ्या ‘हो’सारख्या.

शेऱ्याच्या चौकटीत ‘लक्ष बाहेर’च्या खाली, बारीक अक्षरात :

‘१० फेब्रुवारी, शोरूमला फोन मी केला होता. उत्तर नाही असं होतं. गाडी मी निवडली. पोरगा चांगला आहे, येताजाता त्याची माफी माग. एकवीस पूर्ण.’

म्हणजे त्यांनी सगळं वाचलंय. आणि जे वाचून कळायचं ते त्यांना पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं. अकरा फेब्रुवारीला ताटात घास फिरवत त्यांनी मला जे विचारलं ते ठाऊक असताना विचारलं. आणि मी म्हटलं, राहीन.

डोंगर दोनशे ऐंशी. वर तीस उरतात.

गाडी सुरू केली. आवाज नाही. स्वयंपाकघराचा पडदा जरासा हलला, वाऱ्याने असेल. पुढे उतार आहे, तिथे टाकी, टाकीखाली नवी भिंत, तिचं सिमेंट अजून काळपट आहे. तिच्यापलीकडे शोरूम, बसथांबा, डोंगर, सगळं एकाच रस्त्यावर.

परत बंद केली. शेजारच्या सीटपुढे तारेने लटकवलेला तो ब्रेक अजून तसाच आहे, काढायचं कोणाला सुचलं नाही. हाताने दाबून पाहिला. खरंच फार कडक आहे.

दोन्ही पाय वर घेऊन, सीटवर मांडी घालून हे लिहितेय. खाली कोणी नाही.